वस्तीलगतच्या पाइन वनाची विरळणी : कोरड्या हंगामापूर्वी करावयाची कामे

वस्तीला लागून पाइनची लागवड किंवा नैसर्गिक पाइन वन असणाऱ्यांनी वणव्याचा धोका कमी करण्यासाठी विरळणीचे, म्हणजे दाटीतील काही झाडे काढून वन मोकळे करण्याचे, काम थंड, ओलसर दिवसांत हाती घ्यावे आणि कोरडा हंगाम सुरू होण्यापूर्वी तोडलेल्या मालाची विल्हेवाटही पूर्ण करावी. यातील दुसरा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो. झाडे पाडून फांद्या आणि शेंडे तिथेच सोडले, तर पाइनच्या सुया (सुईसारखी पाने) वाळून तांबड्या पडतात आणि आगीचे जे इंधन उंचावर होते ते जमिनीवर येऊन साचते. अशा अर्धवट विरळलेल्या वनातील वणवा मूळच्या दाट वनातील वणव्याहून अधिक तीव्र होऊ शकतो. त्यामुळे जेवढ्या क्षेत्रातील काटक्या-फांद्या याच हंगामात हलवणे शक्य आहे तेवढ्याच क्षेत्रात तोड करावी, हे उत्तम.

जमिनीवरून सरकणारी आग बहुधा आटोक्यात आणता येते, पण ती शेंड्यांत शिरली की माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. तिला वर चढायला शिडी मिळते ती झुडपांची, मोठ्या झाडांखाली दाटलेल्या कोवळ्या पाइनची आणि खोडावर खालपर्यंत राहिलेल्या वाळक्या फांद्यांची. म्हणून विरळणी खालून वर करावी : आधी दबलेली, वाकलेली, रोगट आणि बारीक झाडे काढावीत आणि जाड सालीची, सरळ वाढलेली मोठी झाडे राखावीत. विक्रीच्या दृष्टीने नेमकी उलट निवड करण्याचा मोह होतो, कारण बारीक मालाला भाव नसतो. तथापि मोठी झाडे विकून बारीक झाडांची गर्दी मागे ठेवल्यास वणव्याचा धोका कमी होत नाही. राळ काढण्यासाठी ज्यांच्या खोडावर खोल खाचा पाडलेल्या आहेत, अशी झाडे घरांच्या किंवा रस्त्याच्या जवळ असल्यास ती प्राधान्याने काढावीत. राळ साचलेल्या या जखमा लवकर पेटतात आणि खोड तिथेच जळून झाड कोसळते.

राखलेल्या झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून २ ते ३ मीटरपर्यंत छाटाव्यात; मात्र लहान झाडांची छाटणी त्यांच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून वर नेऊ नये. दोन झाडांमधील अंतर खोडापासून न मोजता पर्णसंभाराच्या कडेपासून मोजावे. सपाट जमिनीवर ते किमान ३ मीटर, मध्यम उतारावर ६ मीटर आणि तीव्र उतारावर ९ मीटर किंवा अधिक असावे. आग चढावर वेगाने पसरते, आणि उतार साधारण १० अंशांनी वाढला की तिचा वेग दुपटीच्या घरात जातो. घरे टेकडीच्या माथ्यावर किंवा मधल्या टप्प्यावर असतील, तर विरळणीला सुरुवात त्यांच्या खालच्या बाजूने करावी.

एकाच वेळी फार मोकळे मात्र करू नये. वर्षानुवर्षे दाटीत वाढलेली झाडे उंच पण किडकिडीत असतात; १५ मीटर उंचीच्या झाडाचे खोड जेमतेम १५ सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर शेजारचा आधार जाताच ते वादळात मोडण्याचा संभव मोठा असतो. अशा वनात काही वर्षांच्या अंतराने दोन टप्प्यांत विरळणी करावी. शिवाय मोकळ्या झालेल्या वनात वारा आणि ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, पाचोळा लवकर सुकतो आणि गवत जोमाने वाढते. म्हणून विरळणीनंतर चराई, कापणी किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखालील नियंत्रित जाळणी यांपैकी एखादा उपाय नियमित योजावा लागतो.

तोडीच्या मालातील जाड ओंडके लवकर बाहेर काढावेत. उष्ण दिवसांत ताजे ओंडके आणि जाड फांद्या पडून राहिल्यास सालीखाली राहणारे भुंगेरे त्यांत वाढतात आणि तेथून उभ्या झाडांवर उतरतात; थंडीत तोड करण्याचे हे दुसरे कारण. फांद्यांचा यंत्राने भुगा करता आला, तर तो १० सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीत पसरावा. तो खोडांना टेकवू नये आणि घराच्या भिंतीजवळ आणू नये. यंत्र उपलब्ध नसल्यास उभ्या झाडांच्या फांद्यांपासून दूर लहान, उंच ढीग रचून ते पाऊस पडून गेल्यावर, वारा नसताना आणि आवश्यक परवानगी घेऊनच जाळावेत. खासगी मालकीच्या जागेतही तोडीला व जाळण्याला अनेक ठिकाणी परवानगी लागते; ती कामापूर्वी तपासावी.

हा सल्ला मुख्यतः जाड सालीच्या जातींना लागू पडतो. हिमालयातील चीड किंवा उत्तर अमेरिकेतील पाँडेरोसा पाइन जमिनीवरच्या मंद आगीत टिकतात. लॉजपोल पाइनसारख्या पातळ सालीच्या जातींचे वन निसर्गतःच शेंड्यांपर्यंत जळून पुन्हा नव्याने उगवते. तिथे दूरवर विरळणी करत जाण्यापेक्षा घरांभोवतीचा पट्टा नीट राखणे फायद्याचे ठरते.

विरळलेल्या पट्ट्यावरूनही निखारे वाऱ्याने उडत येतात. म्हणून घराभोवती सुमारे ३० मीटर अंतरापर्यंतची कामे सर्वांत आधी करावीत : छपरावरील आणि पन्हळींतील सुया काढाव्यात, भिंतीला लागून १.५ मीटरपर्यंत पेट घेणारे काहीही ठेवू नये आणि सरपण दूर रचावे.

साखळी-करवत व गवतकापणी यंत्र कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी चालवू नये. दगडावर आपटलेल्या पात्याची ठिणगी पुरेशी असते. इंधन भरण्यापूर्वी यंत्र थंड होऊ द्यावे आणि पाचोळा बाजूला करून उघड्या मातीवरच ते भरावे. जाळलेल्या ढिगांची राख पाणी घालून उलटीपालटी करावी आणि पुढील काही आठवडे, विशेषतः वारा वाढल्यावर, हाताची पाठ जवळ नेऊन उष्णता तपासत राहावी, कारण मातीखालच्या मुळांत दबलेला विस्तव बऱ्याच दिवसांनीही वर येऊ शकतो.