डोंगरउतारावर घर बांधताय? या चुका टाळा

इगतपुरी, घोटी, त्र्यंबककडे प्लॉट घेतला की लोक आधी विचारतात, "सळई किती एमएमची टाकू?" उतारावरचं घर सळईअभावी क्वचितच खचतं. पाणी आणि भराव, या दोघांकडे आधी बघा.

सगळ्यात महागात पडतं ते अर्धं घर खोदलेल्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर उभं करणं. जेसीबी वरची बाजू कापतो, तोच मुरूम खाली लोटतो; दिसायला प्लॉट सपाट होतो. पावसाळ्यात भराव दबतो, भिंतीला तिरकी भेग जाते, दार चौकटीत अडकायला लागतं. मग लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात आणि पुढच्या ऑगस्टात भेग पुन्हा हजर. त्यापेक्षा भेगेवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा मारून तारीख लिहा. पट्टा तडकला तर पाया अजून हलतोय, रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नवं बांधकाम असेल तर खालचे कॉलमही भराव ओलांडून मूळ जमिनीत उतरवा. पायाच्या बांधकामासाठीच्या आयएस 1904 या भारतीय मानकानुसार फुटिंगच्या (कॉलमखालच्या रुंद तळाच्या) कडेपासून उतारापर्यंतचं आडवं अंतर खडकात किमान 60 सेंमी आणि मातीत 90 सेंमी हवं.

"खडक लागला" म्हणून खोदकाम थांबवण्याची घाईही नको. तो सुटा धोंडा असू शकतो. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल गेरूचा पट्टा असतो. भिजला की मऊ पडतो. तो दरीच्या बाजूला कलता दिसला, तर भू-तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

संरक्षक भिंत बांधता, पण मागे खडीचा थर नाही, पाणी निघायला भोकं नाहीत. मग भिंत पोट काढणारच! भर पावसात भोकं कोरडी असतील तर ती बुजलीत, साफ करा. शोषखड्डा भिंतीच्या मागे किंवा घराच्या वरच्या अंगाला घेऊ नका. पन्हाळीचं पाणीसुद्धा पाइपाने थेट नाल्यात सोडा.

आणि प्लॉटच्या वरचा डोंगर? तो कुणी बघतच नाही. माळीणला 2014 मध्ये आणि इर्शाळवाडीला 2023 मध्ये मलबा वरून आला. तिथे पाया कितीही पक्का असता तरी घरं वाचली नसती. वरच्या अंगाला उताराला आडव्या ताज्या भेगा, अचानक कललेली झाडं, नवा पाझर किंवा गढूळ झालेला जुना झरा, यातलं काहीही दिसलं तर त्या रात्री घरात झोपू नका. माणसं हलवा, तहसीलला कळवा.