कोंबडीचा ३३ तासांचा गर्भ: मुंबईच्या हवेत कसा काढावा, कसा वाचावा

टी.वाय. बी.एस्सी.च्या (तिसऱ्या वर्षाच्या) प्राणिशास्त्र प्रात्यक्षिकाला '३३ तासांचा गर्भ' लागतो. मुंबईत मोजून ३३ तास अंडी उबवली तरी अनेकदा हाती भलत्याच वयाचा गर्भ येतो. दोष बहुतेकदा इन्क्युबेटरचा नसतो, त्याआधीच्या दोन दिवसांचा असतो. अंडं घातलं जातं तेव्हाच बलकावर हजारो पेशींची चकती, म्हणजे ब्लास्टोडर्म, तयार असते. तापमान साधारण २० अंशांखाली असेल तर ती थांबून राहते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ३२ अंश! तिथे वाढ धड थांबत नाही, धड पुढेही सरकत नाही. असे गर्भ वेडेवाकडे वाढतात किंवा मरतात.

दुकानातली अंडी घेऊ नका. लेयर फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे ती फलित नसतात. 'उबवणीची अंडी' असंच मागा. आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे आधी चौकशी करा. नाहीतर शहराबाहेरची हॅचरी गाठा. डझनभर तरी आणा. लोकलमध्ये ट्रे मांडीवर, जाड टोक वर. घरी १५ ते १८ अंशांत ठेवा: थर्मोकोलचा डबा, कापडात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या आणि आत थर्मामीटर. फ्रिजमधले ४ अंश गर्भाला मारक असतात. आठवड्याच्या आत वापरा.

डबा उघडण्याची घाई नको. थंड अंड्याला दमट हवा लागली की कवचावर दव धरतं आणि त्या ओलीतून जंतू छिद्रांवाटे आत शिरतात. डबा बंदच ठेवून तीन-चार तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

इन्क्युबेटर ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. अंडी आडवी ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलने फुली मारा आणि इतक्या कमी वेळासाठी ती फिरवू नका. गर्भ वर तरंगून फुलीखाली येतो.

गर्भ धुवायचं क्षारद्रावण आधीच करून ३८ अंशांवर ठेवा: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ७.२ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.१७ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइड. थंड द्रावणात हृदय मंदावतं आणि गर्भ मेला असं वाटतं.

अंडं फुली वरच ठेवून वाडग्यात अलगद फोडा. बलकावरचा घट्ट पांढरा चिमट्याने बाजूला करा. ही पायरी टाळली तर पुढे ठेवायचा कागद चिकटत नाही. फिल्टर पेपरच्या दोन सेंटिमीटरच्या चौकोनाला मध्ये लंबगोल भोक पाडून तो असा ठेवा की गर्भ बरोबर भोकात दिसेल. क्षणभर थांबा, कागद ओला होऊन चिकटला की त्याच्या कडेबाहेरून बलकावरचा पातळ पडदा कात्रीने कापा आणि कागद तिरका उचला. सरळ वर ओढला तर पडदा फाटतो. कोमट द्रावणात हलवून बलक धुवा.

आता तास विसरा आणि सोमाइटच्या, म्हणजे चेतानलिकेच्या (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या नळीच्या) दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या ठोकळ्यांच्या, जोड्या मोजा. दर ९० मिनिटांनी एक जोडी वाढते. सात जोड्या म्हणजे साधारण २९ ते ३३ तास, दहा म्हणजे ३३ ते ३८, तेरा म्हणजे ४० ते ४५. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या गर्भशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये मांडलेल्या ४६ अवस्थांपैकी या नववी, दहावी आणि अकरावी.

कॉर्डेट, म्हणजे पाठीत आधाराची दांडी असलेल्या प्राण्यांचा आराखडा, वाचायला दहा जोड्यांचा गर्भ सर्वांत चांगला, कारण त्यात काळच लांबीभर पसरलेला असतो. डोक्याकडे चेतानलिका मिटलेली, डोळ्यांचे फुगे बाजूला निघालेले. मागे नलिकेच्या कडा अजून उघड्या. त्याहीमागे आदिरेषा (प्रिमिटिव्ह स्ट्रीक) आणि तिच्या पुढच्या टोकाची हेन्सनची गाठ. फोकस नलिकेखाली हळूच उतरवा: मधोमध बारीक दांडी दिसते, ती पृष्ठरज्जू (नोटोकॉर्ड). १८६६ मध्ये रशियन गर्भशास्त्रज्ञ कोवालेव्हस्की यांनी हीच दांडी असिडियन या खडकांना चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या समुद्री प्राण्याच्या अळीत दाखवली, तोवर त्या प्राण्यांना मृदुकाय (गोगलगाय-शिंपल्यांच्या गटातले) समजत असत. प्रौढ असिडियनमध्ये ती उरत नाही, अँफिऑक्सस या माशासारख्या छोट्या समुद्री प्राण्यात जन्मभर राहते, कोंबडीत तिची जागा कशेरू घेतात.

ग्रसनीच्या (घशाच्या) कमानी आणि शेपटीची कळी बघायला ७२ तासांचा गर्भ काढा. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये 'गर्भ आधी मासा असतो' असं लिहू नका. कोंबडीत कल्ले कधीच बनत नाहीत. माशाच्या आणि कोंबडीच्या गर्भात आराखडा एक असतो, पुढची घडण वेगळी. पहिल्या कमानीतून जबडा होतो. चौथ्या कमानीच्या धमन्यांपैकी पक्ष्यात उजवीची महाधमनी होते, आपल्यात डावीची.

कायमची स्लाइड करायची तर गर्भ बुइनच्या द्रावणात (ऊती टिकवणाऱ्या पिवळ्या द्रावणात) चार ते सहा तास, मग पिवळेपणा जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोलचे धुवे. बोरॅक्स कार्मिन या लाल रंगाने रंगवा, आम्ल-अल्कोहोलने जास्तीचा रंग काढा, सोमाइट वेगवेगळे दिसू लागले की थांबा. पुढे ९० टक्के अल्कोहोल, १०० टक्के अल्कोहोल, गर्भ पारदर्शक करणारं झायलीन आणि शेवटी काचपट्टीवर बसवायला डीपीएक्स हा चिकट राळेसारखा पदार्थ. पावसाळ्यात झायलीनमध्ये गर्भ दुधाळ झाला, तर १०० टक्के अल्कोहोलने हवेतलं पाणी ओढलेलं असतं. नवी बाटली उघडा, गर्भ परत त्या अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवा आणि झाकण लावूनच पुढची पायरी करा. स्लाइड सुकेपर्यंत आडवी ठेवा आणि लेबलवर तासांआधी सोमाइटची संख्या लिहा.