घोड्याचं पोट आणि टाप: या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा भरली की पुढे महिनाभर माझा फोन वाजत राहतो. तापीकाठी मारवाडी नाहीतर काठेवाडी जनावर पसंत पडतं, टेम्पोतून घरी येतं आणि त्याच संध्याकाळी कौतुकाने त्याच्यापुढे घमेलंभर भिजवलेला हरभरा ठेवला जातो. दुखणं इथूनच सुरू होतं.

घोड्याला उलटी होत नाही. जठर अंगाच्या मानाने लहान, मागचं आतडं अवाढव्य, आणि त्यातल्या जंतूंना सवयीचाच चारा पचतो. नवा चारा आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा मिसळतच लावायचा. विकणाऱ्याकडून आठवड्याचा चारा सोबत घेतला की प्रश्नच मिटतो. पण भावासाठी तासभर घासाघीस करणारे गडी घोडा काय खातो एवढंही विचारत नाहीत.

अशीच एका हौशी मालकाची घोडी. रात्री पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून कुशीकडे बघत होती, लीद बंद. जमलेल्या जाणकारांनी तिची मान वर ओढून बाटलीने गोडंतेल पाजलं. मी पोचलो तेव्हा तेल नाकपुड्यांतून गळत होतं आणि घोडी खोकत होती. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, पण फुप्फुसात उतरलेलं तेल कोण काढणार? आठवड्याच्या आत गेली. मालक अजूनही सांगतो, शूळ (पोटदुखी) जबर होता. शूळ बरा झाला होता हो, घोडी बाटलीने मारली.

माझी सवय अशी: रोज खरारा करतानाच जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून नाडी मोजायची. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. पोट दुखतंय अशी शंका आली की चंदी (दाणा) आणि चारा पुढून काढून घ्यायचा, डॉक्टरांना फोन करायचा, लोळायला बघत असेल तर सावकाश फिरवायचं. दमेस्तोवर पळवायचं नाही. नाडी 60 च्या वर गेली तर सकाळची वाट बघू नका. आणि डॉक्टर येण्याआधी परस्पर दुखण्याचं इंजेक्शन टोचू नका. खूण झाकली जाते, दुखणं आत वाढत राहतं.

दाव्यातून सुटून घोड्याने चंदीची गोणी फस्त केली, तर तो ठीक दिसत असतानाच डॉक्टरांना बोलवा. एक-दोन दिवसांनी तो पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला, टापा गरम लागल्या, की टापेच्या आत सूज (लॅमिनायटिस) आलेली असते, उशीर झालेला असतो. मग नालबंदाला शिव्या घालून काही होत नाही.

पावसाळ्यात टापा. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारबंदीमुळे अनेकांची रोजी घोड्यांवर चालते, तिथे हे सांगावं लागू नये, पण लागतं. टापेखालच्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत काळा चिकट घाण स्राव दिसला, कुजका वास आला, की सड लागलीच. मोरचूद थापून घोडा पुन्हा लिदीच्या चिखलात उभा करायचा, हा शॉर्टकट मला तरी कळत नाही. आधी जागा कोरडी करा. टाप रोज कोरा, संध्याकाळी कोरा, कंटाळा आला तरी कोरा.

धनुर्वाताची लस वेळेवर टोचून घ्या. खिळ्याची एवढीशी जखम पुरते. ताप येऊन जातोय, घोडा खातोय तरी वाळतोय, पायांना सूज आहे, तर सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग डोक्यात ठेवून रक्त तपासा. तो गोमाश्यांमुळे पसरतो.

यात्रेतून आणलेला घोडा तीन आठवडे वेगळा बांधा, बादलीही वेगळी. नाकातून घट्ट पू, नाकात व्रण, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, घोड्याला त्यावर इलाज नाही आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या बाजारात गपचूप विकायचा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच, त्याला पागेत पाऊल ठेवू देऊ नका.