ठाणे-नवी मुंबईत दोन दिवसांचा गेम जॅम भरवायचा तर

आयत्या वेळी जाहीर झालेल्या विषयावर, ठरलेल्या मुदतीत, एक छोटा व्हिडिओ गेम बनवून तो इतरांच्या हाती खेळायला द्यायचा, याला गेम जॅम म्हणतात. २००२ साली सुरू झालेल्या लुडम डेअर या ऑनलाइन गेम जॅममुळे एकट्याने सारे नव्याने बनवणाऱ्यांना ४८ तास आणि गटांना ७२ तास, अशी विभागणी रूढ झाली. पण हौशी मंडळींच्या पहिल्याच जॅमने ती जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. शनिवारी सकाळी ९ ते रविवारी दुपारी ४ ही मुदत पुरेशी असते. रात्री ज्याने-त्याने घरी जाऊन काम करावे, म्हणजे सभागृह रात्रभर उघडे ठेवण्यासाठी सोसायटीच्या समितीची मनधरणी करावी लागत नाही.

तारीख ठरवताना सेमिस्टरच्या परीक्षा आणि गणपतीचे दिवस टाळावेत. जुलैतही जॅम ठेवू नये, कारण त्या दिवसांत जोराच्या पावसाने लोकल बंद पडली की निम्मे स्पर्धक घरीच अडकतात. रविवारच्या मेगाब्लॉकची घोषणा पाहूनच त्या दिवशीची वेळ पक्की करावी. ट्रान्स-हार्बर मार्ग बंद असेल तर पनवेल-नेरुळहून ठाण्याला येणाऱ्यांचा बराच वेळ प्रवासातच जातो. जागेसाठी सोसायटीचे क्लब हाउस किंवा कॉलेजची लॅब चालते, मात्र तिथे किती प्लग पॉइंट आहेत ते स्वतः जाऊन मोजावे आणि एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा जोडून साखळी करू नये. सभागृहाच्या वायफायवर विसंबण्याऐवजी आवश्यक सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवावे. गोदो हे गेम बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर (इंजिन) इन्स्टॉल न करताच चालते, त्यामुळे नवख्यांसाठी ते विशेष सोयीचे.

नियम एका पानात मावतील इतकेच असावेत. तयार चित्रे आणि आवाज चालतील की नाही, एआयचा वापर केल्यास तो सांगावा लागेल की नाही, आणि गटात जास्तीत जास्त किती जण, हे तीन मुद्दे त्यात स्पष्ट हवेत. वाद बहुधा याच तीन मुद्द्यांतून निघतात. रोख बक्षीस ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. पैसे आले की कोणी तरी महिनाभर आधी बनवलेला गेम घेऊन येतो आणि आयोजकांना कोडच्या तारखा तपासत बसावे लागते. विषय सुरुवातीपर्यंत गुप्त ठेवावा आणि तो दोन-तीन शब्दांपेक्षा मोठा नसावा.

भाग घेणाऱ्याची खरी परीक्षा विषय कळल्यानंतरच्या पहिल्या तासात होते. समजा, विषय ‘ओहोटी’ आहे. ठाणे खाडी, रोहित पक्षी, कोळ्यांच्या होड्या, कांदळवन आणि बदलते ऋतू असा भव्य आराखडा तेव्हा सुचतो, आणि तो तिथेच छाटावा लागतो. चिखलात टिपत फिरणारा एकच रोहित, हळूहळू वर येणारे पाणी आणि उडण्यासाठी एकच बटण, इतके उरले तरी पुरे: जास्त वेळ टिपत राहिले तर गुण वाढतात, उडायला उशीर झाला तर खेळ संपतो. शनिवारी दुपारपर्यंत पक्ष्याच्या जागी गुलाबी चौकोन असला तरी हरकत नाही, पण तो चौकोन पाण्यापासून पळवताना मजा आली पाहिजे. नाही आली तर चित्रे सुंदर काढून ती येणार नाही. ‘बाबा इज यू’ या गाजलेल्या गेमची पहिली आवृत्ती २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये अशाच एका कल्पनेवर उभी राहिली होती: पडद्यावरचे शब्द ढकलले की खेळाचे नियमच बदलतात. पूर्ण गेम यायला पुढे २०१९ उजाडले.

ब्राउझरमध्ये चालणारे बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येणारी प्रत, रविवारची वाट न पाहता शनिवारी रात्रीच इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर एकदा चढवून पाहावे. झिप फाइलमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल ही फाइल थेट हवी, आतल्या फोल्डरमध्ये नको. चित्राच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची अदलाबदल विंडोजवर खपून जाते, पण अपलोड केल्यावर तेच चित्र गायब होते. ब्राउझर पहिल्या क्लिकपूर्वी आवाज सुरू होऊ देत नाहीत, म्हणून आरंभी ‘सुरू करा’ असे बटण ठेवावे. आवाजांसाठी एसएफएक्सआर आहेच. ते छोटे साधन २००७ साली लुडम डेअरच्या निमित्तानेच तयार झाले.

रविवारी ४ वाजता मुदत संपल्यावर किमान दीड तास फक्त खेळण्यासाठी राखावा, आणि तो कापून भाषणे लांबवू नयेत. प्रत्येक लॅपटॉपवर दुसऱ्याच गटातील कोणी बसावे आणि बनवणाऱ्याने मागे उभे राहून एकही सूचना देऊ नये. खेळणारा कुठे अडखळतो, हे बनवणाऱ्याला तेव्हाच दिसते. मत देण्यासाठी ठरावीक संख्येने गेम खेळण्याची अट घालावी, नाहीतर सगळी मते मित्रमंडळींनाच पडतात. मतदान चालू असेपर्यंत, गेम मुळीच सुरू होत नसेल तर तेवढीच दुरुस्ती करू द्यावी. नवी लेव्हल किंवा नवी चित्रे निकालानंतर घालावीत.