बेदाणा वाळतो तसा घाम वाळू द्या

एप्रिल-मेच्या शेतकामासाठी सल्ला : सांगली जिल्हा

द्राक्षाची खरड छाटणी, हळद शिजवणं, बेदाण्याच्या रॅकवरची शेवटची खेप, कुठे रेंगाळलेली ऊसतोड. सगळी कामं नेमकी ऊन तापल्यावर गळ्यात येतात. ठिबक किती तास चाललं हे आपण घड्याळ लावून बघतो. बागेत राबणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसभरात किती पाणी गेलं, ते कुणी विचारत नाही.

तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागात बेदाणा का होतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हवा कोरडी, वारा खेळता. आभाळ भरून आलं की रॅकवरचा माल रखडतो. अंगावरच्या घामाचं अगदी तसंच आहे. नुसता घाम आल्यानं अंग गार होत नाही, तो वाळला तरच होतं. एक लिटर घाम कातडीवर पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. कपाळावरून टपकून मातीत गेलेला घाम काहीच नेत नाही. पाणी आणि मीठ तेवढं वाया जातं.

शरीराला आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचं असतं. कष्टाच्या कामात आपण खर्च केलेल्या ताकदीचा पाचवा-चौथा हिस्साच काम करतो, बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला मेंदू रक्त कातडीकडे वळवतो आणि घामाच्या ग्रंथी सुरू करतो. म्हणून उन्हात छाती जास्त धडधडते, कारण हृदयाला स्नायू आणि कातडी दोघांनाही रक्त पुरवावं लागतं. तापलेली कातडी साधारण ३५ अंशांची. हवा त्याहून थंड असेल तोवर थोडी उष्णता हवेत निघून जाते. पारा ३९-४० वर गेला की उलटं होतं, हवाच अंगाला तापवते. मग वाट एकच उरते, घामाची.

आणि इथं आपल्या जिल्ह्याचे दोन तुकडे पडतात. पूर्वेला जत-आटपाडीकडे घाम येतो तसा वाळतो, त्यामुळे तो दिसतच नाही. ‘मला कुठं घाम येतोय’ म्हणणाऱ्याच्या सदऱ्यावर पाठीमागे मिठाचे पांढरे पट्टे बघा. हा माणूस गार राहतो, पण आतून सुकत जातो. वाळवा, पलूस, मिरजेच्या नदीकाठच्या उसात नेमकं उलटं. उंच उसात वारा शिरत नाही, पानांमधून वाफ निघते, घामाच्या धारा लागतात आणि अंग काही निवत नाही. तापमापकावर आकडा जतपेक्षा कमी दिसेल, त्यावर जाऊ नका. पूर्वेकडे पाणी आणि डोक्यावर ओला टॉवेल लागतो. उसात काम करणाऱ्यानं दर अर्ध्या तासानं बांधावर, वाऱ्यात येऊन बसावं. नुसतं पाणी पिऊन तिथं भागत नाही. उसातलं आतलं काम सकाळी दहाच्या आत उरका.

हळद शिजवताना उन्हाच्या जोडीला चुलाण्याची धग असते. ते काम पहाटे धरा, दोन माणसं आळीपाळीनं ठेवा, आणि वारा पाठीमागून येईल अशा बाजूला उभं राहा.

पाण्याचं सांगायचं तर जड कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि तहान नेहमी उशिरा लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, असं ठरवूनच प्या. पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. भाकरी खा, मीठ घातलेलं ताक प्या. जलसंजीवनीचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं आणि चालू असलेल्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. लघवी गडद पिवळी झाली की समजा, उशीर झालाय.

उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झालेल्याला घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणून यात्रेला गावी आलेला गलाईवाला (परगावी सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारा) भाऊ, वर्षभर एसीच्या दुकानात बसलेला, हौसेनं ‘मी पण येतो छाटणीला’ म्हणाला तर पहिल्या दिवशी त्याला पाचवा हिस्साच काम द्या, पुढे रोज तेवढंच वाढवा. नव्या मजुरालाही हाच नियम. उक्तं काम घेतलेली टोळी थांबत नाही, कारण थांबलं की पैसे बुडतात. सावलीतल्या विसाव्याचा हिशोब मालकानं ठरावातच धरावा, एवढं स्पष्ट सांगतो.

आता फवारणी. अंगभर प्लॅस्टिकचा सूट घातला की घाम वाळायची वाटच बंद होते. सूट टाळायचा नाही, वेळ बदलायची. पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर फवारा. घामेजलेल्या, तापलेल्या कातडीतून औषध जास्त शिरतं.

कुणी बडबडायला लागला, तोल जाऊ लागला, बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजा. अंग घामेजलेलं असलं तरी. सावलीत न्या, कपडे सैल करा, आधी पाणी ओता आणि वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं चालत नाही. माणूस फवारणी करत होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, लाळ गळतेय, तर ती विषबाधा असू शकते. अशा वेळी त्याचे औषध लागलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा (हातमोजे घालून), आणि औषधाची बाटली लेबलासकट दवाखान्यात सोबत न्या.