जुन्या कॉम्प्युटरला लॅन केबलने प्रिंटर जोडताना या चुका टाळा

विंडोज ७ वर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर आजही कितीतरी शाळांचे दाखले आणि दुकानांची बिलं निघतात. अशा कॉम्प्युटरला लॅनचा प्रिंटर उत्तम चालतो. तो चालला नाही की ‘मशीन जुनं झालं’ म्हणून नवीन घ्यायला लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी केबल बघा. सॉकेटजवळचे दिवे लागत नसतील तर ड्रायव्हरशी (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी) खेळत बसू नका; केबल बदला किंवा राउटरचं दुसरं पोर्ट वापरा. फॅक्स असलेल्या प्रिंटरवर टेलिफोनचंही सॉकेट असतं, पण ते अरुंद असतं. लॅनची पिन त्यात दाबून बसवू नका.

केबल थेट कॉम्प्युटरला जोडली, तर प्रिंटरला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्यायला राउटर नसतो. मग दोन्हीकडे तो हाताने दिलेला बरा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. खूप जुन्या लॅन कार्डाला तर अशा थेट जोडणीत साधी केबल चालत नाही, क्रॉसओव्हर (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) केबल लागते. त्यापेक्षा दोन्ही केबली राउटरमध्ये लावा.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे प्रिंटरचा आयपी कायम न करणं. एका शाळेच्या ऑफिसात दर सोमवारी प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसायचा. रविवारी राउटर बंद असायचा. सोमवारी तो प्रिंटरला नवा आयपी द्यायचा आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहायचा. दोनदा ड्रायव्हर टाकून झाला होता, बिचाऱ्या क्लार्कताई रडकुंडीला आल्या होत्या. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा आयपी राखून ठेवला. मग कॉम्प्युटरवर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’मध्ये जाऊन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ बनवला आणि त्यात तोच आयपी टाकला. तिथे आपोआप बनलेला ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट होता, तो सोडून दिला. शंका आली तर प्रिंटरवरून कॉन्फिगरेशन पेज काढा, चालू आयपी त्यावर छापून येतो. तो कॉम्प्युटरवरून पिंग करून, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते, बघा.

ड्रायव्हर घेताना विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये पाहा आणि कंपनीच्याच साइटवरून उतरवा.

विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. लॅनवरच्या छपाईला इंटरनेट लागत नाही; त्यामुळे काम फक्त दाखले काढण्याचं असेल, तर राउटरमधून त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करा. प्रिंट येत राहील.