पहिली सेकंडहँड गाडी: बेळगावात लोक आधी काय बघतात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात विशीतलं पोरगं गाडीतून उतरायच्या आधीच लोकांचं मत ठरलेलं असतं. नवी स्कॉर्पिओ असली तर बापाचा पैसा, काळ्या काचांची जुनी स्विफ्ट असली तर पोरगं वाया गेलं. कोणती गाडी घ्यायची हे खिसा ठरवतो. पण नजर जिथं जाते, त्या गोष्टी थोडक्या पैशात सुधारता येतात.

पहिली नजर नंबरप्लेटवर. कोल्हापूरहून आणलेली एमएच ०९ गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर कर्नाटकचा नंबर घ्यावाच लागतो. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) बोजा उतरवून घ्या. मग तिकडच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना-हरकत दाखला), आणि इकडे नव्या नंबरासाठी फॉर्म २७, नाव बदलायला २९ आणि ३०. कर्नाटकचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. सौदा करताना हाच खर्च धरायचा राहतो, म्हणून कितीतरी पोरं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावरची गाडी फिरवतात. हे फार वाईट: विमा नावावर झालेला नसला की ठोकर बसल्यावर स्वतःच्या गाडीची भरपाई अडते.

नंबर देवनागरीत लिहायची हौस इथं समजण्यासारखी आहे, पण नियमात इंग्रजी अक्षरं आणि आकडेच बसतात. एचएसआरपी, म्हणजे सरकारी नियमाची सुरक्षा नंबरप्लेट, मिळाली तशीच ठेवा.

काळी फिल्म काढाच. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं तिच्यावर बंदी घातली. ड्रायरनं गरम करून कोपऱ्यातून सावकाश सोलायची. मागच्या काचेवर ब्लेड लावू नका, डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं बाष्प घालवणाऱ्या, तारा तुटतात.

गाडी म्हातारी दिसते ती पिवळ्या हेडलाइटमुळं. कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा. ८००, १५००, २००० असा पॉलिशपेपर क्रमानं, सतत पाणी मारत घासा. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका, नाहीतर काच धुरकटच राहते. मग कंपाउंड (चकाकी आणणारी पेस्ट), आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे ऊन अडवणारा पारदर्शक थर. हा कोट टाळला तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो, कारण घासताना कारखान्याचा उरलासुरला थरही निघून गेलेला असतो. चोर्ला घाटाच्या धुक्यात या कामाचं मोल कळतं.

फटाके फोडणारा सायलेन्सर काढून कंपनीचाच बसवा. अशा बदलाला कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की बदला. बाजूवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं काडीनं मोकळी करा. तांबडी माती तिथं साचली की पत्रा आतून सडतो.